स्टेकवर कुठला सॉस? आधी मांस बघा, मग घरातलं बिडं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर कळेल. गुहागरच्या बाजूला तुमचा होमस्टे आहे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आठ जण येतायत, त्यातल्या एकाचा वाढदिवस, त्याने फोनवर सहज विचारलं की स्टेक जमेल का आणि तुम्ही हो म्हणून बसलात. चिपळूणहून म्हशीचं अंडरकट आणायची सोय झालीय. आठातले तिघे ते खात नाहीत, त्यांना सुरमई. गॅस दोन शेगड्यांचा, बाहेर चूल, मदतीला जाऊबाई. आणि व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालाय, कोण पेपर सॉस म्हणतं, कोण मश्रूम, कोण बेअर्नेज, कोण चिमीचुरी, आणि कोण म्हणतं सरळ बार्बेक्यूची बाटली ओता. "एकच सॉस सांगा जो दोन्हीवर चालेल आणि फसणार नाही", असं तुमचं म्हणणं.

मी १४ वर्षं जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, काढली, आधी भांडी घासायला आणि मग ग्रिलवर, नंतर सहा वर्षं गोव्यात हॉटेलात, आता वेंगुर्ल्यात स्वतःची खानावळ आहे जिथे कोणी स्टेक मागत नाही. तर हे उत्तर त्या अनुभवावरचं आहे, पुस्तकातलं नाही. दुसरा कोणी शेफ वेगळं सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

माझ्या मते तुमचा प्रश्न "कुठला सॉस भारी" हा नाहीच. भारी सॉस डझनभर आहेत. प्रश्न असा आहे की दोन शेगड्यांवर आठ ताटं एका वेळी गरम जायला हवीत, मांस कसं निघेल ते कापेपर्यंत माहीत नाही, आणि तुम्ही हा पदार्थ आधी कधी केलेला नाही. अशा वेळी जो सॉस शेवटच्या पाच मिनिटांत तुमच्याकडून सगळ्यात कमी लक्ष मागतो तो तुमचा सॉस. म्हणून आधीच सांगून टाकतो, ओल्या, म्हणजे वेलावरच्या ताज्या हिरव्या मिरीचं बटर आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवा. अंडरकटसाठी तव्याला लागलेलं खरवडून त्याचा सॉस करा आणि त्यात ते बटर. सुरमईवर तेच बटर, पण कोकमाच्या पाण्याबरोबर. म्हणजे एकच सॉस नाही, पण एकाच बटरचे दोन. आता हे का ते सांगतो, कारण कारण कळलं की ऐन वेळी एखादी वस्तू मिळाली नाही तरी तुम्ही स्वतः मार्ग काढाल.

पहिली गोष्ट मांसाची. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूचंही बंद आहे त्यामुळे तुमच्याकडे येणारं मांस म्हशीचंच असणार, आणि व्हिडिओवाले जे दाखवतात ते अमेरिकेतलं नाहीतर ऑस्ट्रेलियातलं असतं, ज्यात मांसाच्या आत पांढऱ्या चरबीच्या रेघा पसरलेल्या असतात. म्हशीच्या मांसात त्या रेघा जवळपास नसतात. रंग जास्त गडद आणि चरबी कमी. त्यात अंडरकट म्हणजे कण्याच्या खालचा तो लांबट स्नायू, जनावर तो फारसा वापरतच नाही म्हणून मऊ, पण त्याला स्वतःची चव बेताचीच. मऊपणा आहे, चव कमी आहे, चरबी नाही. मग सॉसने काय द्यायचं? जे नाही ते. चरबी आणि जोर.

हेच उलटं करून बघा. रिबाय नावाचा कट असतो, भरपूर चरबीचा, तो चावला की तोंड तुपकट होतं, त्यावर बटर-क्रीम ओतलं तर तीन घासांत जीव नकोसा होतो. त्याला आंबट लागतं, कच्चं, हिरवं काहीतरी. अर्जेंटिना-उरुग्वेवाल्यांची चिमीचुरी तिथूनच आलीय, पार्सली, लसूण, ओरेगॅनो, व्हिनेगर, तेल, थोडी मिरची, शिजवायचं काही नाही. ती निखाऱ्यावर भाजलेल्या चरबीवाल्या मांसासाठी आहे. अंडरकटवर ती नुसती आंबट पालापाचोळा वाटते, मी खाऊन बघितलीय. तुम्हाला हे समजावायला मला फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही, सोलकढीच बघा. नारळाच्या दुधाचा तेलकटपणा आणि कोकमाचा आंबटपणा, मध्ये लसूण-मिरची. एक बाजू जड झाली की दुसरीने तोलायची. सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, तिखट कालवणानंतर ती का बरी वाटते हे आपल्याला कोणी शिकवत नाही, जिभेलाच कळतं. स्टेकच्या सॉसचं गणित हेच आहे, फक्त भांडं वेगळं.

दुसरी गोष्ट, पाहुणे मांस कितपत शिजवून मागणार. हे तुम्ही आधीच फोनवर विचारून घ्या, प्लीज. गोव्यात माझा अनुभव असा की मेनू बघताना "मीडियम रेअर" म्हणणारा माणूस ताटात लाल दिसलं की परत पाठवतो. आतून गुलाबी साधारण ५५ डिग्रीला, फिकट गुलाबी ६० ते ६५ ला, आणि ७० च्या पुढे गेलं की पूर्ण करडं. म्हशीचं अंडरकट ७० च्या पुढे कोरडं पडायला लागतं कारण वाचवायला चरबी नाही. म्हणजे जितकं जास्त शिजलेलं मागतील तितका सॉस पातळ आणि सढळ हवा. गुलाबी खाणाऱ्याला दोन चमचे पुरतात, "वेल डन" वाल्याला चार लागतील. सॉस आधी ठरवून मग मांस शिजवणारे इथेच फसतात.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात आवडणारी, तुमचं बिडं. घावणे-आंबोळ्यांचं ते जड काळं बिडं घरात असेलच, आणि नसेल तर सासूबाईंकडे नक्की असेल. लोक स्टेकसाठी हजारो रुपयांचे बिडाचेच विदेशी पॅन मागवतात आणि आपल्याकडे ते चुलीमागे टेकून ठेवलेलं असतं. बिडं जड, उष्णता धरून ठेवतं, थंड मांस टाकलं तरी लगेच गार पडत नाही. हे महत्त्वाचं आहे कारण मांसावर जो तपकिरी खरपूस थर येतो तो १४० डिग्रीच्या आसपास आणि पुढे झपाट्याने होतो, आणि मांसाला पाणी असेल तर ते पाणी उडेपर्यंत तिथलं तापमान १०० च्या वर जातच नाही. म्हणून मांस फडक्याने टिपून पार कोरडं करायचं, आणि एका वेळी तीनच तुकडे. चौथा टाकलात की पाणी सुटतं आणि स्टेकचं कालवण होतं.

तो जो थर बिड्याला चिकटून राहतो ना, तपकिरी, जवळपास जळल्यासारखा दिसतो पण जळलेला नाही, तो म्हणजे अर्धा सॉस. बहुतेकजण तो घासायला टाकतात. मला पहिल्या वर्षी ग्रिलवरच्या एका गोवेकर कुकने मी पॅन सिंकमध्ये ठेवताना हात धरून थांबवलं होतं, "अरे पगार टाकतोयस तू पाण्यात" असं म्हणाला, ते अजून डोक्यात आहे.

तर पाच जणांचं अंडरकट कसं करायचं ते सलग सांगतो. सव्वा किलो आणा, वरची पांढरी चिवट झिल्ली काढल्यावर नऊशे ग्रॅमच्या आसपास हातात राहील, त्याचे दोन बोटं जाड पाच तुकडे. शिजवायच्या पाऊण तास आधी मीठ लावून बाहेर ठेवा, मग टिपा. बिडं धूर यायला लागेपर्यंत तापवा, थोडं तेल, मांस, आणि मग दोन-अडीच मिनिटं त्याला हात लावू नका. उलटा. दुसरी बाजू. गुलाबी हवं असेल तर एवढंच, नाहीतर आच कमी करून अजून तीन-चार मिनिटं. काढून एका ताटात उबदार जागी ठेवा आणि पाच ते सात मिनिटं तसंच राहू द्या, लगेच कापलं तर सगळा रस ताटात. आता बिड्यातलं जास्तीचं तेल काढून टाका, चिरलेला लहान कांदा टाका, मिनिटभर परता, आणि मग वाटीभर हाडांचं पाणी ओता. चर्र आवाज येईल. लाकडी उलथन्याने तळ खरवडा, सगळं सुटून पाण्यात येतं. पाणी निम्मं होईपर्यंत आटवा, मांस ठेवलेल्या ताटात जो रस जमलाय तोही ओता, आच बंद करा आणि मग बटरचे गार तुकडे एकेक टाकत बिडं हलवत राहा. सॉस चकचकीत आणि किंचित दाट होतो. बटर पडल्यावर परत उकळायचं नाही, नाहीतर तूप वेगळं पाणी वेगळं.

हाडांचं पाणी म्हणजे काही मोठं नाही, पाया सूप करतो तसं, फक्त मसाल्याशिवाय. चार-पाच हाडं तव्यावर तपकिरी भाजून, कांदा, दोन मिरी, दीड लिटर पाणी, मंद आचेवर दुपारभर. शेवटी पाव लिटर उरलं तर उत्तम. आदल्या दिवशी करा. यात मीठ अजिबात नको, मी परत सांगतो, अजिबात नको. कारण हे पाणी आटणार, मांसाला मीठ आहे, आणि दुकानात मिळणारं पिवळं बटर खारं असतं. तीन ठिकाणचं मीठ आटून एका चमच्यात आलं की सॉस तोंडात धरवत नाही. नवशिक्यांच्या हातून स्टेकचा सॉस बिघडतो तो नव्वद वेळा याच कारणाने, आणि मग लोक रेसिपीला शिव्या घालतात.

आता मिरी. तुम्ही गुहागरला आहात म्हणजे शेजारीपाजारी कोणाच्या तरी नारळावर नाहीतर सुपारीवर मिरीचा वेल चढवलेला असणारच, नसेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने इतकी वर्षं जी कलमं वाटली ती गेली कुठे. पावसाळ्यात वेलाला तुरे येतात आणि डिसेंबरात घोस भरलेले पण हिरवे असतात. म्हणजे तुमचे पाहुणे अगदी बरोबर वेळेवर येतायत. फ्रेंच लोकांचा जो पेपर स्टेक, मिरी, ब्रँडी आणि क्रीमचा, त्यातलाच एक प्रकार हिरव्या मिरीचा आहे आणि तिकडे ती मिठाच्या पाण्यात घातलेली डब्यातून येते, जहाजावर आम्ही ते छोटे डबे किल्लीने उघडायचो. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा मी वास घेऊन तिथेच हसलो होतो, आमच्या मागच्या दारची मिरी डब्यात बसून फ्रान्सला जाऊन परत माझ्याकडे आली होती. काळी, हिरवी, पांढरी, तिन्ही एकाच वेलाची. हिरवी दाण्यात कोवळी असते, तिखट आहे पण घसा धरत नाही, आणि एक रसरशीत झाडपाल्याचा वास असतो जो वाळल्यावर जातो. चव कमी असलेल्या अंडरकटला नेमकं हेच हवंय.

बटर असं करा. दोनशे ग्रॅम बटर बाहेर ठेवून मऊ करा, वितळवू नका. ओली मिरी देठावरून सोडवून दोन मोठे चमचे, खलबत्त्यात अर्धवट ठेचा, पेस्ट नको, दाताखाली यायला पाहिजे. दोन पाकळ्या लसूण, थोडी कोथिंबीर, लिंबाचा रस एक चमचा. लिंबू टाळू नका, ओली मिरी ठेचून तशीच ठेवली तर काळी पडत जाते, आंबटाने ती जरा हिरवी राहते. सगळं कालवून केळीच्या पानावर लांब वळकटी करा, पान गुंडाळा, दोन टोकं बांधा, फ्रीज. दुसऱ्या दिवशी चकत्या कापायच्या. लाईट गेली तरी डिसेंबरच्या थंडीत रात्रभर काही होत नाही, आणि लाईट जाणार हे तुम्हीही धरून चाला.

क्रीम घालू का असं तुम्ही विचारलंय. घालू शकता, पण मग जपून. टेट्रापॅकमधली जी क्रीम आपल्याकडे मिळते ती २५ टक्के फॅटची असते, हॉटेलातली जाड क्रीम ३५ च्या पुढे. पातळ क्रीम मोठ्या आचेवर उकळली किंवा तिच्यात आंबट पडलं की फाटते. म्हणून क्रीम घालायची तर लिंबू-कोकम बाहेर, आच मंद, आणि शेवटी. ब्रँडीचं म्हणाल तर मी घरात वापरा असं सांगणार नाही, आचेवर ओतली की भडका उडतो आणि तुमच्या डोक्यावर माळा आहे की नाही मला माहीत नाही. नुसत्या हाडांच्या पाण्याने काही बिघडत नाही.

बेअर्नेजबद्दल मात्र थोडं बोलतो कारण तुम्हाला त्याचंच जास्त आकर्षण दिसतंय. सॉस सुंदर आहे यात वाद नाही. अंड्याचे बलक, वितळलेलं बटर, व्हिनेगरमध्ये आटवलेला कांदा आणि टॅरागॉन नावाचा बडीशेपेच्या वळणाचा पाला. पॅरिसजवळच्या सां-जर्मां गावात एका रेस्टॉरंटमध्ये १८३० च्या दशकात तो झाला असं सांगतात आणि नाव पडलं बेआर्नवरून, जो फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाचा मुलूख. अंडरकटला तो फिट्ट बसतो, चरबी पण आणि आंबट पण. पण तो बलकावर उभा असतो. साठच्या आसपास ठेवा, ठीक. सत्तरकडे गेला की बलक शिजून अंडाभुर्जी. गार झाला की बटर गोठतं. म्हणजे कोणीतरी माणूस फक्त त्याच्याजवळ उभा पाहिजे. माझ्याकडून एकदा चाळीस ताटांचा बेअर्नेज फुटला, मी भांडं गरम पाण्यातून काढून ग्रिलच्या कडेला "एक मिनिट" ठेवलं आणि ऑर्डर घ्यायला वळलो. वळून बघतो तर वर पिवळं तेल आणि खाली कण्या. बाहेर पहिली वीस ताटं वाट बघतायत. शेफने शिवी दिली नाही, ते जास्त लागलं. त्याने दुसऱ्या भांड्यात एक बलक आणि चमचाभर कोमट पाणी घेतलं आणि तो फुटलेला सॉस थेंब थेंब घालत फेटत परत जोडला, बराचसा. पण सहा मिनिटं गेली, आणि सहा मिनिटांत स्टेक मेलेले असतात. मला विचाराल तर घरी, चार लोकांत, एखाद्या रविवारी जरूर करून बघा. टॅरागॉन गुहागरला मिळणार नाही, पुदिना घाला, त्या रूपालाही फ्रेंच लोकांनी नाव ठेवलेलं आहे, पालवाझ, म्हणजे तुम्ही जुगाड करताय असं वाटून घ्यायला नको. पण वाढदिवसाच्या रात्री पहिल्यांदा नको.

बाकीचे पटकन. मश्रूम सॉस चांगला, चिपळूणला बटन मश्रूम मिळाले तर तव्याच्या त्याच सॉसमध्ये आधी परतून घाला, वेगळी रेसिपी लागत नाही. रेड वाईनचा सॉस घरात फार वेळा आंबट-कडू होतो कारण लोक वाईन पुरती आटवत नाहीत आणि हाडांचं पाणी कमी घालतात. बाटलीतला बार्बेक्यू सॉस गोड असतो, त्याखाली मांस कुठलं आहे ते कळतच नाही. बर्गरला ठीक. सव्वा किलो अंडरकट चिपळूणहून आणून त्यावर ते ओतायचं असेल तर मग चिकनच करा.

आता सुरमई. गंमत अशी की कोकणी माणूस स्टेक रोज खातो, त्याला माहीत नसतं. सुरमईची आडवी कापलेली, मध्ये काटा असलेली तुकडी म्हणजेच इंग्रजी पुस्तकातलं फिश स्टेक. फक्त आपण ती तळायची म्हणून पातळ कापून घेतो. कोळणीला सांगा दीड बोट जाड पाहिजे, ती "एवढी जाड शिजेल कशी" म्हणेल, म्हणू द्या. सुरमईला स्वतःचं तेल असतं, म्हणून तिला अंडरकटसारखा आटवलेला दाट सॉस नको, तिला बटर थोडं आणि आंबट जास्त. सात-आठ आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, गाळा. तुकडी दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं, काढली की त्याच तव्यात हे पाणी, अर्धं आटू द्या, आच बंद, दोन चकत्या ओल्या मिरीचं बटर, हलवा. रंग गुलाबीसर तपकिरी येतो, दिसायला फार देखणा नाही, पण खाऊन बघा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, असेल तर चमचाभरच, कारण आगळात मीठ किती असतं तुम्हाला सांगायला नको. नारळाचं जाड दूध घालून पण करता येतं, नुसतं कोमट करून, आगळ शेवटी, उकळी आली की फाटलंच. पण मग ते सोलकढीत पोहणारी सुरमई होतं आणि पुण्याच्या माणसाला वाटतं की हे तर मी दुपारी प्यायलो. तिरफळं नकोत. बांगड्याला ती हवीतच, सुरमईवर आणि ओल्या मिरीबरोबर ती भांडतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे जी मी गोव्यात आल्यावर शिकलो. कोकम बिड्यात आटवू नका. आंबटाने बिड्याचा तेलाचा काळा थर निघतो आणि सॉसला लोखंडी चव येते, आणि तुमचे पुढच्या आठवड्याचे घावणे चिकटतात ते वेगळंच. सुरमईला स्टीलचा किंवा नॉनस्टिक पॅन घ्या. आणि खरं तर तो पॅन वेगळाच असायला हवा, दुसऱ्या कारणाने. तिघे म्हशीचं खात नाहीत. कारण काय ते आपण विचारायचं नाही, पण त्यांचा पॅन, उलथनं, चमचा, बटरची वाटी सगळं वेगळं ठेवायचं आणि वाढताना आपणहून सांगायचं की वेगळं केलंय. हाडांचं पाणी त्या सॉसच्या जवळपास पण नको. मी एका मोठ्या किचनमध्ये एकच पळी दोन्ही सॉसमध्ये फिरताना बघितलीय आणि पाहुण्याने विचारल्यावर वेटरचा चेहरा पण बघितलाय. तुमच्या होमस्टेचं नाव एका पळीने जायला नको.

आता क्रम. बिडं आधी तापत ठेवा, त्याला दहा मिनिटं लागतात. पहिले तीन अंडरकट, ज्यांना जास्त शिजलेलं हवं त्यांचे, मग दोन, गुलाबीवाल्यांचे. ते विसावलेले असताना जाऊबाईंनी दुसऱ्या शेगडीवर सुरमई टाकायची, कारण मासा थांबत नाही, तो शेवटी. तुम्ही बिड्यातला सॉस, त्या कोकमाचा सॉस. बटाटे आधीच उकडून चुलीवर बटरमध्ये परतून ठेवलेले. पाव गरम. ताटं गरम पाण्यात बुडवून पुसून घेतलीत तर फारच छान, गार ताटात बटरचा सॉस दोन मिनिटांत गोठतो. आणि सॉस मांसाच्या वर ओतू नका, खाली घाला आणि त्यावर मांस ठेवा. इतक्या कष्टाने खरपूस थर आणला, तो भिजवून मऊ कशाला करायचा. वर फक्त बटरची एक चकती, ती त्यांच्यासमोर वितळत जाते आणि पुण्याचे लोक फोटो काढतात.

काय परिस्थितीनुसार बदलेल तेही सांगतो. ओली मिरी नाहीच मिळाली तर काळी मिरी जाडसर ठेचून घ्या पण अर्धीच, आणि ती बिड्यात मांसाबरोबर टाकू नका, जळून कडू होते, बटरमध्येच ठेवा. अंडरकटऐवजी मांडीचं मांस मिळालं तर स्टेकचा नाद सोडा, तो सॉस काही चमत्कार करणार नाही, सुकं करा आणि वाढदिवस साजरा करा. पाहुणे चार निघाले तर क्रीम घालून बघायला हरकत नाही. बारा निघाले तर तव्यातला सॉस विसरा, नुसती बटरची चकती ठेवा प्रत्येकावर, तेवढंही पुष्कळ झालं.

आणि एकदा आधी करून बघा. आठ जणांच्या आधी, दोनच तुकडे, तुमच्यासाठी आणि जाऊबाईंसाठी. सॉस चमच्यावर घेऊन नुसता चाखू नका, तसा तो खारटच लागेल, मांसाच्या तुकड्याबरोबर चाखा. तेव्हा कळेल मीठ किती.

शेवटी तुम्ही विचारलंय की टेबलावर लसणीची चटणी ठेवली तर बरं दिसेल का. ठेवा की. आमच्या जहाजावर रत्नागिरीचा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता, त्याला आठवड्यातून एकदा ऑफिसर मेसमधला उत्तम स्टेक मिळायचा, मी जीव ओतून केलेला सॉस ताटाच्या कडेला सारायचा, खिशातून सुकटीच्या चटणीची पुडी काढायचा, आणि डोळे मिटून खायचा. दोन वर्षं मी त्याच्यासाठी सॉस बदलून बघितले. तिसऱ्या वर्षी मीच त्याच्याकडे पुडी मागायला लागलो.